मास्क खुंटीला होता

९ जानेवारी

प्रिय स्टोअर,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज. दीड वर्षात एक ओळ नाही आणि आज एकदम पाकीट, म्हणजे ह्याचं काहीतरी अडलंय, हे तू न फोडताच ओळखलं असशील. अडलंय खरं.

मी लेकीकडे ठीक आहे. सातव्या मजल्यावर राहतो. जावई भला माणूस, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात देऊन स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. ही गेल्यावर तिकडचं घर विकलं, ते तुला ठाऊक आहेच. लेकीला त्या पैशातलं काही नको. म्हणून मनात एक आलंय.

तू स्टोअर सांभाळायचास त्या आपल्या बर्फ कारखान्यातला फिटर तू विसरला नसशील. तो गेला तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती, म्हणजे आता अठराची झाली. त्या पैशाचा एक ट्रस्ट करावा आणि तिच्या शिक्षणाला, पुढे काही उद्योग केला तर त्याला, त्यातून मिळत जावं. इथल्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, मुलगी राहते तिथेच दस्त नोंदवा, ट्रस्टी तिथलेच नेमा आणि वकीलही तिथलाच बघा, नाहीतर म्हातारपणी खेटे घालून मराल. तेव्हा तू एक वकील शोध. फार बडा नको. तोंडाचा घट्ट हवा, कारण माझं नाव कुठेही येता कामा नये. मुलीला कळायला नको, फिटरवहिनींना तर नकोच. रोख रक्कम दिली तर कुणी दिली म्हणून विचारतील. ट्रस्टला कोण विचारतं?

ट्रस्टी तूच हो. तिथे तुझ्याशिवाय माझं आहे कोण?

आजच का, असं विचारशील. वय झालं की जुनी माणसं आठवतात. माणुसकी म्हण हवं तर.

तुझ्या घरी वहिनींना नमस्कार.

तुझा
फोरमन


२१ जानेवारी

प्रिय फोरमन,

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुझ्यापायी मी दोन वकिलांचे जिने चढलो आणि गुडघ्यांनी संप पुकारलाय.

पहिल्याच्या पाटीवर दिवाणी, फौजदारी, जमीन, घटस्फोट असं सगळं होतं आणि शेवटी 'झेरॉक्स काढून मिळेल'. ट्रस्ट म्हटल्यावर म्हणाला, "वा! कुठली शाळा काढताय?" शाळा नाही, एका मुलीसाठी आहे म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. मी एक झेरॉक्स काढून खाली उतरलो.

दुसरा तरुण आहे. काचेचं टेबल, त्यावर एक कागद नाही. मला काका म्हणाला. "होऊन जाईल काका. नाव लपवायचंय ना? मध्ये एक माणूस उभा करू. ट्रस्ट कागदावर त्याचा, पैसे तुमच्या मित्राचे. तुम्हीच राहा की उभे." काम चोख करेल असं दिसतं.

पण फोरमन, मी मध्येही उभा राहणार नाही आणि ट्रस्टीही होणार नाही. का, ते विचारू नकोस.

फिटरवहिनी बाजारगल्लीत दुकान चालवतात. 'चेन बदलून मिळेल, बाही कमी करून मिळेल.' माझ्या कोटाची चेन वर्षभर तुटलेली आहे. बायको म्हणते, तिच्याकडे टाका, दहा मिनिटांचं काम. मी गावाच्या दुसऱ्या टोकाचा शिंपी गाठायचा बेत करतो आणि तेही होत नाही. कोट तसाच उघडा घालतो. त्या गल्लीतून मी जातच नाही. भाजी आणायला वळसा घालून जातो आणि बायकोला सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

आणि माणुसकी म्हणतोस, ती चौदा वर्षं कुठे झोपली होती रे? रागावू नकोस. हेच मी मलाही विचारतोय.

तुझा
स्टोअर


३० जानेवारी

प्रिय स्टोअर,

तुझा तो प्रश्न मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. सांगतो. अर्धं तुला माहीत आहे, पण आपण दोघं ते कधी बोललो नाही.

गॅसचे मास्क हरवतात म्हणून कपाटाला कुलूप घालायचा हुकूम माझा होता. किल्ली स्टोअरमध्ये, म्हणजे तुझ्याकडे. त्या दुपारी तुझी दाढ ठणकत होती. मी म्हणालो, जा बाबा, दाखवून ये. किल्ली ठेवून जा म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासाने कॉम्प्रेसरच्या खोलीत अमोनियाचा पाइप फुटला. मी मालकांसमोर बसलो होतो. फिटर कपाटापर्यंत गेला, कुलूप बघितलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि आत शिरला. व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच पडला. खाली बर्फाच्या हौदावर सहा माणसं होती, ती आपल्या पायांनी चालत बाहेर आली. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. पुढे त्यांना कुणी विचारलं नाही.

मी त्याला दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. परत आलो तर मास्क खुंटीला लटकत होता. कुणी लावला, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चौकशीला आलेल्या साहेबांना मी म्हणालो, "मास्क खुंटीला होता. त्याने घेतला नाही." फक्त दोन वाक्यं. खाली माझी सही, त्याखाली साक्षीदार म्हणून तुझी. अहवालात आलं, 'कामगाराची स्वतःची बेपर्वाई.' मालकांनी मला त्या वर्षी बढती दिली. ती मी घेतली.

हिला मी हे कधी सांगितलं नाही. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली, मालकही गेले. आता नोकरीची भीती होती म्हणावं तर तेवढाही आडोसा उरला नाही.

त्या काचेच्या टेबलवाल्याचं काम पक्कं कर. तुला उभं राहायचं नसेल तर दुसरा कुणी भाड्याने बघ. मी पैसे देऊ शकतो रे, तोंड दाखवू शकत नाही.

फोरमन


१८ फेब्रुवारी

प्रिय फोरमन,

हे पत्र बसून वाच.

काचेच्या टेबलवाल्याकडे मी गेलो होतो. त्याने छापील कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की देणाऱ्याला देण्यामागे कोणताही हेतू नाही. माझा हात पुढे होईना. मी उठलो. बायकोने सांगितलं, चष्म्याच्या दुकानावर एक वकीलबाई बसतात, सरळ आहेत. तिथे गेलो.

अरुंद जिना, वर एकच खोली. खोलीभर दोरीने बांधलेल्या फायली, एक खुर्ची बाईंची आणि एक येणाऱ्याची. बाई पन्नाशीच्या पुढच्या, कानामागे पेन्सिल.

"एका मित्राला ट्रस्ट करायचाय," मी माझं नाव सांगून म्हणालो. "एका मुलीसाठी. पण नाव न सांगता."

"मुलगी नात्यातली?"

"नाही."

"पैसे चोरीचे?"

"नाही हो! घर विकून आलेले."

"मग नाव का नको?"

मी पंख्याकडे बघत बसलो.

"बरं, मुलगी कोणाची ते तरी सांगा."

"बर्फ कारखान्यातल्या फिटरची."

बाईंनी हात वर केला. "थांबा. आता एक अक्षर बोलू नका. तिची आई तेरा वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत बसली होती, भरपाई मिळेल का विचारायला. मी तिची वकील आहे. तुमच्या मित्राचं काम मला करता येणार नाही. रस्त्यापलीकडे दुसरे वकील आहेत, वयस्क आहेत, नीट करतील."

मी उठलो. दाराशी पोचलो तेवढ्यात त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो अहवाल तिला मीच वाचून दाखवला. 'मास्क खुंटीला होता, त्याने घेतला नाही.' मी तिला म्हणाले, ह्यापुढे केस उभी राहत नाही. ती म्हणाली, 'म्हणजे चूक त्यांचीच होती.' मी हो म्हणाले."

मी दाराची कडी धरून उभा.

"ट्रस्टसाठी पलीकडे जा," बाई म्हणाल्या. "पण अहवालाखाली साक्षीदार म्हणून तुमचंच नाव आहे, साक्ष बदलायची असेल तर ही खुर्ची आहे. आधीच सांगते, खोटी साक्ष दिल्याचं तुमच्यावरच शेकू शकतं. घरी जा, विचार करा, मग या."

फोरमन, मी घरी गेलो नाही. गेलो असतो तर परत आलो नसतो, मी मला ओळखतो. मी बसलो.

कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली, दाढ सांगितली. आणि तू कधी विचारलं नाहीस तेही सांगितलं. तो मास्क मी लावला. डॉक्टरांकडून आलो तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, लाळ गळत होती. मालक म्हणाले, "तासाभरात तपासणीवाले येतील. कपाट बंद होतं हे कळलं तर तू आत जाशील." मी कुलूप काढलं. त्यातल्या त्यात नवा मास्क घेतला. त्यावर प्लास्टिकची पिशवी होती, ती फाडून खिशात कोंबली. मास्क खुंटीला लावला आणि पट्टा सरळ केला. एवढं तोंड बधिर असतानाही मला पट्टा सरळ करायचं सुचलं बघ.

तू विचारशील म्हणून मी पहिली दोन वर्षं वाट बघितली. मग तू विचारत नाहीस ह्याचा राग आला. मग आपण एकमेकांच्या घरी जाणं बंद केलं आणि बायकांना वाटलं, बढतीवरून बिनसलं.

तुझ्याविषयी मी चकार शब्द काढला नाही. पण माझ्या सहीच्या वर तुझी सही आहे. ती मला पुसता येत नाही.

स्टोअर


२४ फेब्रुवारी

स्टोअर,

तुला वकील शोधायला सांगितला होता, फास नव्हे.

मी एका पोरीचं भलं करायला निघालो होतो. कुणाला त्रास नाही, कुणाला विचारणं नाही, काम झालं असतं. तुला तुझं ओझं उतरवायचं होतं, ते तू माझ्या मानेवर ठेवून मोकळा झालास. माझी लेक इथे शाळेत शिकवते. उद्या बापाचं नाव पेपरात आलं तर तिने वर्गात कोणत्या तोंडाने उभं राहायचं, ह्याचा विचार केलास?

ट्रस्टचं माझं मी बघेन. पुन्हा पत्र लिहू नकोस.

फोरमन


११ मे

फोरमन,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितोय. हे वाचून फाडून टाक.

परवा सकाळी फिटरवहिनी घरी आल्या. वकीलबाईंनी त्यांना माझी साक्ष दाखवली होती. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. बायकोने पाण्याचा पेला दिला, तो हातात धरून उभ्या राहिल्या, प्यायल्या नाहीत.

"भावोजी, मास्क खुंटीला नव्हता?"

"नव्हता, वहिनी."

"कपाटाला कुलूप होतं?"

"होतं."

"म्हणजे ते मास्क घ्यायला गेले होते."

"हो."

मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयारीत होतो, खरं सांगतो, मला त्या हव्याच होत्या. त्या पेल्याकडे बघत म्हणाल्या, "शिव्या मी त्यांना दिल्यात, भावोजी. फोटोसमोर उभी राहून. पोरीने काही सांडलं, की बापावर गेलीस. गुण कमी पडले, बापावर गेलीस, निष्काळजी. दोन पावलांवर मास्क होता आणि ह्या माणसाला तुझ्यासाठी, माझ्यासाठी, तेवढा हात वर करावासा वाटला नाही, हे मी तिला लहानपणापासून सांगत आले. तिला बापाचं नाव घेतलेलं आवडत नाही. कसं आवडेल? आता हे मी परत कसं घेऊ?"

मी म्हणालो, मला माफ करा. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या." पेला ओट्यावर ठेवला आणि गेल्या.

आपण म्हणत होतो की आपण तिच्या नवऱ्याच्या नावाला बट्टा लावला. अरे, आपण तर तिच्याच तोंडून तो रोज लावून घेतला.

माझी बायको त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. मी घरात पाहुण्यासारखा वावरतो. उठताना खुर्ची नीट सरकवून ठेवतो.

वकीलबाईंनी कारखाना तपासणीच्या कार्यालयात अहवाल दुरुस्त करायचा अर्ज केलाय. कार्यालय म्हणतं, एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर चौदा वर्षांपूर्वीचा कागद कसा बदलायचा? वहिनींनी तुझा पत्ता मागितलेला नाही आणि मी दिलेला नाही. तू असं कर, तसं कर, हेही मी म्हणत नाही. काय झालं ते कळवलं.

स्टोअर


२६ मे

प्रिय स्टोअर,

तुझं पत्र मी फाडलं नाही. लेकीच्या हातात दिलं. आधीची सगळीही दिली. तोंडाने सांगायचा दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा हवापाण्यावर घसरलो.

ती स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"आई त्या बाईंकडे कपडे टाकायची, बाबा. मुद्दाम. बिचारीला चार पैसे मिळतील म्हणून." मग पत्रं तारखेप्रमाणे लावून माझ्या पलंगावर ठेवली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या उन्हाळी वर्गातून अर्धी सुट्टी घेऊन आली. म्हणाली, "चला. वकिलाकडे." आत मात्र आली नाही, बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसली.

मी प्रतिज्ञापत्र केलं. दोन्ही वाक्यं लिहिली आणि दोन्ही खोटी होती असं लिहिलं. बढतीचंही लिहिलं. वकील म्हणाला, "'दबावाखाली' असा शब्द घालू का? तुमच्या फायद्याचा आहे." दबाव होताच की. पण मालकांनी मला काही सांगितलंच नव्हतं रे, त्यांनी तुला सांगितलं होतं. मी आपणहून बोललो. तेव्हा तो शब्द घातला नाही. कागद वकीलबाईंकडे टपालाने गेलाय.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते भीतीने लिहिलं. तू ती खुर्ची सोडून घरी गेला असतास तर मी तुला शहाणा म्हणालो असतो आणि आपण दोघं तसेच मेलो असतो.

ट्रस्ट मला अजून करायचाय. पण ह्या वेळी तू रस्त्यापलीकडच्या वकिलांकडे जायच्या आधी वहिनींना विचार, त्यांना चालेल का. जानेवारीत हे मला सुचलंच नव्हतं. ही त्यांना विचारण्याची गोष्ट आहे असंच मला वाटलं नव्हतं.

तुझा
फोरमन


४ ऑक्टोबर

फोरमन यांस,

काका लिहावं की साहेब, हे ठरेना, म्हणून हुद्दा लिहिला. तुमचा पत्ता स्टोअरकाकांनी दिला, मी मागितला म्हणून.

कार्यालयाचा कागद गेल्या महिन्यात आला. 'बेपर्वाई' काढून टाकलंय. कपाट बंद असल्यामुळे मास्क मिळू शकला नाही आणि फिटरने व्हॉल्व्ह बंद केल्यामुळे सहा जणांचे जीव वाचले, असं लिहिलंय. आईने तो कागद दुकानात मशीनसमोर लावला. गिऱ्हाइकं विचारायला लागली म्हणून काढला. आता परत लावलाय. तुमच्या दोघांवर खटला करायचा का, असं कार्यालयाने आईला विचारलंय. तिने अजून काही ठरवलेलं नाही. मी तिला विचारत नाही. आम्ही दोघी सध्या एकमेकींना फार काही विचारत नाही. ती माझ्याकडे बघते आणि मध्येच रडते. मी अठरा वर्षांची आहे, मला ह्याचं काय करायचं ते कळत नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

ट्रस्टचा मसुदा वकीलबाईंनी आम्हाला समजावून सांगितला. आई म्हणते, नको. मी म्हणते, घ्यायचा. मला जमीन मोजणीचा अभ्यासक्रम करायचाय आणि त्याला तीन वर्षं लागतात. आमचं ह्यावरून भांडण झालं. शेवटी आई म्हणाली, तुझं तू ठरव. मी ठरवलंय, पण दोन अटी आहेत.

पहिल्या पानावर तुमच्या वकिलांनी 'दिवंगत सहकाऱ्याविषयीच्या स्नेहापोटी' असं घातलंय. ते काढा. खरं कारण लिहा, तुमच्या पूर्ण नावासकट. ते वाक्य तुम्ही स्वतः लिहायचं, वकिलांना लिहू द्यायचं नाही. मी वाचेन आणि बरोबर वाटलं तरच हो म्हणेन.

दुसरी अट, ट्रस्टी स्टोअरकाका. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. दर महिन्याला त्यांनी आईच्या दुकानात येऊन कागदावर सही करायची. ट्रस्टी व्हायच्या संमतीवर सही करायला पहिल्यांदा आले तेव्हा दारात दहा मिनिटं उभे होते. आईने त्यांचा कोट काढून घेतला, चेन बसवली आणि पैसे घेतले.

नोंदणी एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. तुमची सही तिथे सगळ्यांसमोर लागते, ती टपालाने चालत नाही. आई येणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. तिथे खूप माणसं असतात आणि मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्हीच माझ्यापाशी या आणि तुम्ही कोण ते मला सांगा.

फिटरची मुलगी